हात लावा : चालत्या जुन्या वस्तूंच्या प्रकल्पाच्या नोंदी

४ जानेवारी

ठरलं एकदाचं. १४ आणि १५ मार्चला वाचनालयाच्या मागच्या खोलीत रोजच्या वापरातल्या जुन्या वस्तूंचं प्रदर्शन. अट एकच, तीही मीच घातलेली, त्यामुळे तक्रारीला जागा नाही : वस्तू चालती हवी आणि येणाऱ्यानं ती हाताळायची. काचेच्या पेटीत काही ठेवायचं नाही. ‘हात लावू नये’ अशा पाट्या आयुष्यभर वाचल्या, आता ‘हात लावा’ लिहायची हौस फेडून घेते.

यादी छोटी आहे. डायलचे दोन फोन, चावीचं गजराचं घड्याळ, टाइपरायटर, दुधाच्या काचेच्या बाटल्या आणि मॅन्युअल गाडीचा गिअरबॉक्स, पोट उघडलेला. ग्रामोफोन मुद्दाम गाळला. तो तेव्हाही मिरवायचाच होता. मला अशा वस्तू हव्यात ज्यांच्याकडे त्या काळी कुणी ढुंकूनही बघत नव्हतं.

बैठकीत बाटलीचं नाव निघताच तिघं-चौघं हळवे झाले. काय ते दूध, काय ती साय, वगैरे. मी विचारलं, बाटल्या धुवायचं काम घरात कुणाकडे होतं? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. म्हणून दुसरा नियम तिथेच करून टाकला. प्रत्येक वस्तूच्या कार्डावर दोन मजकूर : ती काय करायची आणि ती कशी छळायची. दुसरा लिहून झाल्याशिवाय पहिला लावायचा नाही.

७ जानेवारी

गिअरबॉक्स आला. भंगारात निघालेल्या गाडीचा, चार गिअरचा, वरून थेट दांडा बसणारा. टेम्पोतून उतरवताना दोघांची कंबर गेली. शेजारचे काका मदतीला आहेत. चाळीस वर्षं गॅरेजमध्ये काढलेला माणूस. पहिलंच वाक्य : “आधी तेल काढ. मग बोलू.”

तेल काळं, दाट, आणि वास असा की खोलीच्या खिडक्या उघडाव्या लागल्या. विझलेल्या काडीचा आणि नासलेल्या कांद्याचा मिळून एक वास. तो गंधकाचा असतो. दातांवर प्रचंड दाब आला तरी तेलाचा थर तुटू नये म्हणून गंधकाची संयुगं घालतात. काका सांगत होते की सगळ्यात कडक तेल ते सगळ्यात चांगलं असं समजून लोक नको ते ओततात आणि आतल्या पितळी रिंगा खराब करून घेतात. अशा जुन्या बॉक्सला जीएल-४ प्रतीचं तेल घाल म्हणाले. जीएल-५ घेऊ नकोस म्हणून दोनदा बजावलं.

बाजूचं झाकण निघालं. तिथे अ‍ॅक्रिलिकचा तुकडा बसवायचा, म्हणजे आत काय चाललंय ते दिसेल.

८ जानेवारी

आजचा दिवस एका गोळीनं खाल्ला.

गिअर टाकताना हाताला जो ‘खट्’ लागतो, तो कुठून येतो हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं दाते दातांत बसतात त्याचा. तसं नाही. दांड्याखाली आत पोलादी सळया असतात, प्रत्येकीवर खाचा कोरलेल्या. खाचेवर एक गोळी, गोळीवर स्प्रिंग. सळई सरकली की गोळी एका खाचेतून उठते आणि पुढच्या खाचेत पडते. तो ‘खट्’ म्हणजे ही गोळी. बोराएवढीसुद्धा नाही, जेमतेम आठ मिलिमीटर. गिअर आपोआप निसटू नये यासाठी ती आहे. हाताला जे समाधान मिळतं ते वरकमाई.

हे सगळं काका सांगत असतानाच मी वरचा बोल्ट सोडला. काका म्हणाले, “अगं, बोट ठेव वर,” आणि त्या ‘वर’च्या आधीच स्प्रिंग उडाली. स्प्रिंग छताला लागून परत आली. गोळी नाही आली.

९ जानेवारी

गोळी नाही. फडताळ सरकवलं, सतरंजी झटकली. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक दोरीला बांधून सगळ्या खोलीत फिरवलं. मिळालं काय : सात टाचण्या, एक खिळा आणि मागच्या वर्षी हरवलेली शिवणयंत्राची सुई. गोळी नाही.

१० जानेवारी

बेअरिंगच्या दुकानातून नवी आणली. सायकलची चालेल असं मला वाटलं होतं, पण ती लहान पडते, खाचेत डगडगते.

१३ जानेवारी

आता बॉक्स लाकडी घोडीवर बसलाय. इंजिनाच्या बाजूच्या शाफ्टला हँडल लावलं. ते फिरवायचं आणि दुसऱ्या टोकाचा शाफ्ट किती फिरतो ते मोजायचं. पहिल्या गिअरमध्ये हँडलच्या साधारण साडेतीन फेऱ्यांना पलीकडची एक. चौथ्यात बरोबर एकास एक, कारण तिथे दात्यांची मध्यस्थीच नसते, शाफ्टला शाफ्ट सरळ जोडला जातो. गणिताच्या तासाला हे कुणी दाखवलं असतं तर गुणोत्तर-प्रमाणाचे माझे निदान चार मार्क वाढले असते.

रिव्हर्सचा उलगडा आजच झाला. मॅन्युअल गाडी मागे घेताना तो जो रडका, चढत जाणारा आवाज येतो, त्याचं कारण डोळ्यांसमोर आहे. पुढच्या गिअरांचे दाते तिरके कापलेले, ते एकमेकांवर सरकत येतात म्हणून शांत. रिव्हर्सचे दाते सरळ. एकेक दाता सपकन समोरच्यावर आदळतो. मध्ये एक जादा चाक सरकवून फिरायची दिशा उलटी करायची असते. सरळ दात्यांचं चाक तसं सहज सरकतं आणि करायलाही स्वस्त. शिवाय मागे कितीसं जायचं असतं? म्हणून तिथे कुणी खर्च केला नाही. लहानपणी अंगणात गाडी लागली की त्या आवाजावरून कळायचं, पाहुणे आले. काटकसरीचा आवाज होता तो.

पितळी रिंगा साफ केल्या. वेगात फिरणारं चाक आणि दुसऱ्या वेगानं फिरणारा शाफ्ट जोडायचे तर आधी दोघांचा वेग एक व्हायला हवा. हे काम ही रिंग करते, आतून उताराची, ब्रेकसारखी घासून. याला सिंक्रोमेश म्हणतात आणि ते गाड्यांत पहिल्यांदा आणलं कॅडिलॅकनं, १९२८ मध्ये. त्याआधी ही रिंग म्हणजे चालवणाऱ्याचा कान आणि डावा पाय. क्लच दाबा, न्यूट्रलला आणा, क्लच सोडा, अंदाजानं अ‍ॅक्सिलरेटर द्या, पुन्हा क्लच दाबा, मग खालचा गिअर. अंदाज चुकला की सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी करकर. काकांनी खुर्चीवर बसून, समोर काही नसताना, पायानं हे सगळं करून दाखवलं. पाय इतक्या सवयीनं हलत होते की मला ती खुर्ची वेग कमी करताना दिसली.

१५ जानेवारी

सिलेक्टर फोर्क झिजलेत. फोर्क म्हणजे चाकांना ढकलणारी ती दोन बोटांची चिमट. एका बाजूला चकचकीत, धारेसारखी पातळ. काकांनी बघताक्षणी निदान केलं : “दांड्यावर हात ठेवून चालवणारा होता.”

जाहिरातीत, सिनेमात, आमच्या घरच्या फोटोतही गाडी चालवणाऱ्याचा एक हात नेहमी गिअरच्या मुठीवर. तेवढा भार सतत राहिला की फोर्क फिरत्या चाकावर घासत राहतो. सगळ्यात रुबाबदार पोज आणि तीच बॉक्स खाते. ‘कशी छळायची’च्या कार्डावर हे घालणार होते, पण इथे छळ गाडीचा झालाय. तिसरा मजकूर ठेवावा का?

१८ जानेवारी

आज कळलं की काकांची स्वतःची गाडी ऑटोमॅटिक आहे. मी थक्क. म्हटलं, “काका, तुम्हीसुद्धा?”

“चाळीस वर्षं क्लच दाबला. आता गुडघा बोलतो.” मग जरा थांबून : “पहिल्या दिवशी सिग्नलला डाव्या पायानं सवयीनं क्लच दाबायला गेलो, आणि तिथे होतं ब्रेकचं रुंद पेडल. काकू दोन दिवस बोलली नाही.”

जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांपेक्षा हा माणूस मला प्रदर्शनासाठी जास्त कामाचा वाटतो. ऑटोमॅटिक काही कालची गोष्ट नाही. ओल्ड्समोबिलनं १९४० च्या मॉडेलवर हायड्रामॅटिक दिलं, म्हणजे सिंक्रोमेश आल्यावर जेमतेम बारा वर्षांत. आणि आता इलेक्ट्रिक गाडीला गिअर बदलायची गरजच उरली नाही, तर ह्युंदाईच्या आयोनिक ५ एन मध्ये आठ खोटे गिअर आहेत. बदलताना गाडी मुद्दाम झटका देते, आवाजही काढते. काकांना व्हिडिओ दाखवला. ते म्हणाले, “कवळीला दाढदुखी बसवलीय.”

२३ जानेवारी

फोन. दोन आलेत, दोन्ही काळे, दोन्ही मुके.

एकाचा डायल फिरतो पण परतीला रेंगाळतो. डायलचं खरं काम परतीत असतं. बोटानं फिरवतो तेव्हा फक्त स्प्रिंगला चावी बसते. सोडल्यावर तो परत येताना लाइन टक-टक तोडतो, १ ला एकदा, ९ ला नऊदा, शून्याला दहादा. सेकंदाला दहा तोडी हा ठरलेला वेग. माझा डायल सातच्या आसपास. लॅपटॉपवर आवाज ध्वनिमुद्रित करून टोकं मोजली.

वेग सांभाळायला आत इवलंसं यंत्र आहे. दोन वजनं फिरताना बाहेर फेकली जातात आणि भोवतीच्या वाटीला घासतात. जोरात फिरलं तर जास्त घासणार, म्हणजे आपोआप आवर. त्या वाटीत कुणीतरी कधीतरी खोबरेल सोडलंय. गोंद झालाय त्याचा. स्पिरिट, कापूस, संध्याकाळ गेली.

२५ जानेवारी

९.८. जाऊ दे, पुरे.

२८ जानेवारी

भाचा आला होता, वय अकरा. त्याला फोन दिला आणि म्हटलं लाव नंबर. त्यानं भोकांतून आकडे दाबले. एकेक करून, नीट, बटण दाबावं तसे. मग माझ्याकडे बघून म्हणाला, “मावशी, हा हँग झालाय.”

फिरवायचा असतो हे सांगितल्यावर त्यानं फिरवला, पण परतताना बोट आतच ठेवून डायलला ढकललं, लवकर यावा म्हणून. हे आम्हीही करायचो आणि ओरडा खायचो. ढकललं की तोडींचा वेग बिघडतो, पलीकडचं एक्सचेंज चुकीचं मोजतं, भलत्याच घरी फोन लागतो. वाट बघणं हा नंबर लावण्याचाच भाग होता. नंबरात ९ आणि शून्य जास्त असलेला नातेवाईक मनातून जरा नावडता असायचा. हे मी अतिशयोक्तीनं लिहीत नाहीये.

त्याला एक गोष्ट सांगितली, ती आवडली. लंडनमध्ये १९३७ साली तातडीचा नंबर ठरवला तो ९९९. एवढा लांब का? १११ पटकन लागला असता. पण उघड्या तारा वाऱ्यानं एकमेकींना घासल्या तरी एक तोड पडते, आणि तारांनीच मदतीला हाका मारल्या असत्या. न्यूझीलंडमध्ये तोच नंबर १११ आहे, कारण तिथल्या डायलवर आकडे उलटे छापलेले होते. त्यांच्या १ ला नऊ तोडी पडायच्या. म्हणजे तारेतून जाणारी गोष्ट दोन्हीकडे एकच, फक्त बोट वेगळ्या भोकात.

३१ जानेवारी

दुसऱ्या फोनमधून आवाज येतो तो विहिरीच्या तळातून आल्यासारखा. बोलण्याच्या बाजूचा तुकडा काढून हलवला तर आत वाळू. ही कोळशाची कणी. आवाजानं पडदा हलतो, कणी दाबली जाते, वीज कमी-जास्त होते. एडिसननं १८७७ मध्ये केलेला मायक्रोफोन याच तत्त्वावर, आणि पुढे जवळजवळ शंभर वर्षं तोच चालला. कणी बसून गेली, दमट झाली, की आवाज बसतो. उपाय : टेबलावर ठोका.

ठोकला. आवाज मोकळा झाला! वडीलधारी माणसं फोन कानाला लावण्याआधी तळहातावर दोनदा आपटायची, ते मला निव्वळ रागाचं लक्षण वाटायचं.

३ फेब्रुवारी

घंटेच्या तारेला हात लागला आणि त्याच वेळी भाच्यानं दुसऱ्या फोनवरून नंबर फिरवला. घंटा वाजवायला बोलण्याच्या तारेतूनच पाऊणशे-नव्वद व्होल्ट येतात. कोपरापर्यंत झिणझिणी. दोन्ही फोन एकमेकांना जोडायला छोटं एक्सचेंज जुनं मिळालं, डायलच्या तोडी समजणारं. नवी बरीच उपकरणं फक्त बटणांचे सूर ओळखतात. ते सूर १९६३ पासून आहेत, म्हणजे ‘नवीन’ हा शब्द जपूनच वापरावा.

डायलच्या कार्डासाठी आणखी एक. स्वयंचलित एक्सचेंज काढणारा अल्मन स्ट्राउजर हा अंत्यसंस्कारांचं सामान पुरवणारा माणूस. पेटंट १८९१ चं, पहिलं एक्सचेंज १८९२ मध्ये इंडियानातल्या ला पोर्टमध्ये. असं सांगतात की टेलिफोन ऑपरेटर त्याची गिऱ्हाइकं प्रतिस्पर्ध्याकडे वळवते असा त्याला संशय होता, म्हणून त्यानं ऑपरेटरच काढून टाकली. मला तर ऑपरेटर असलेल्या काळाबद्दलही हळवे होणारे लोक भेटलेत. ते स्ट्राउजरला आजही माफ करणार नाहीत.

८ फेब्रुवारी

टाइपरायटर. नवी रिबन, दोन खिळे सरळ केले, झालं. याच्यावर १ चा आकडाच नाही. इंग्रजी छोटा एल वापरायचा. उद्गारचिन्हही नाही : आधी वरचा स्वल्पविराम, एक घर मागे, मग खाली टिंब. ओरडायला तीन कृती लागत असल्यामुळे लोक कमी ओरडत असावेत.

१२ फेब्रुवारी

बाटल्या आल्या, सहा. रुंद तोंडाच्या दोन, निमुळत्या चार. हातात घेतल्यावर आधी वजन जाणवतं. पुन्हा पुन्हा गरम कॉस्टिकच्या पाण्यातून जायचं, क्रेटमध्ये एकमेकींवर आदळायचं, म्हणून काच जाड. निमुळत्यांच्या अंगावर दोन पांढुरकी कडी आहेत, खांद्याशी एक आणि बुडाशी एक. शेजारच्या बाटलीला घासून घासून पडलेली. बाटली किती वेळा घरोघर जाऊन आली त्याची हीच नोंद, कुणी न लिहिलेली.

१५ फेब्रुवारी

प्रयोग. हळवेपणाची परीक्षा घ्यायची तर नीट घ्यावी. एकाच दुधाच्या दोन बाटल्या भरल्या. एक उन्हाच्या खिडकीत, एक तिथेच शेजारी पण जाड काळ्या कापडात गुंडाळलेली. दोन तासांनी दोन्ही गार करून सगळ्यांना चव दिली, कुठली कोणती ते न सांगता. पाचपैकी चौघांनी उन्हातली ओळखली. भाचा म्हणाला, “ओल्या पुठ्ठ्यासारखं लागतंय.” अगदी बरोबर शब्द. दुधातलं रायबोफ्लेविन, म्हणजे बी-२ जीवनसत्त्व, उजेड शोषतं, त्यातून चव बिघडवणारी साखळी सुरू होते आणि स्वतः ते जीवनसत्त्वही कमी होतं. पारदर्शक बाटलीत दूध सुंदर दिसतं आणि त्या दिसण्यानंच बिघडतं. दारात पहाटे ठेवलेली बाटली उठायला उशीर झालेल्या घरी काय चवीची होत असेल?

सायीची बाजू मात्र खरी निघाली. होमोजिनाइझ न केलेलं दूध रात्रभर उभं ठेवलं. सकाळी मानेत पिवळसर पट्टा, खाली निळसर पांढरं, मध्ये स्पष्ट रेघ. फ्रान्सच्या ऑगस्त गोलँनं १८९९ मध्ये स्निग्धांशाचे थेंब बारीक छिद्रांतून दाबून फोडायचं यंत्र काढलं. त्या यंत्रातून गेलेलं दूध कितीही वेळ ठेवा, एकजीवच. त्या रेघेवरून दूध किती सकस ते घरातलं कुणीही नुसतं बघून सांगू शकत होतं. आता ते पाकिटावर वाचावं लागतं. हे गेलं याचं मला वाईट वाटतं, आणि इथे मी काही कापड-बिपड गुंडाळणार नाही.

१६ फेब्रुवारी

कालच्या रेघेवरून आठवलेलं, कार्डावर मावणार नाही म्हणून इथे. ब्रिटनमध्ये दारातल्या बाटल्यांची झाकणं पक्षी फोडायचे. ब्लू टिट नावाचा चिमुकला पक्षी, पहिली नोंद १९२१ ची, साउदॅम्प्टनजवळच्या स्वेदलिंगची. एकाचं बघून दुसरा शिकत देशभर हे पसरलं. फिशर आणि हाइंड या दोघांनी १९४९ मध्ये त्यावर निबंध लिहिला, तो प्राण्यांच्या शिकण्याबद्दल आजही सांगितला जातो. चोच जायची ती थेट सायीच्या पट्ट्यात.

आणि त्या बाटल्या घरोघर नेणाऱ्या गाड्या? बॅटरीवर चालायच्या. पहाटे लोक झोपलेले, दर चार पावलांवर थांबायचं, वेग नको, आवाज नको. आज ज्या इलेक्ट्रिक गाडीकडे भविष्य म्हणून बघतात, तिच्यातून भूतकाळाचं दूध येत होतं. भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, मग त्यात खोटे गिअर होते का.

२० फेब्रुवारी

घड्याळ. दुरुस्त नको, चालूच आहे असं देणाऱ्यानं सांगितलं होतं, म्हणून शेवटी ठेवलं. आठवडाभर फडताळावर टिकटिकत होतं. आज मोबाइलशी ताडून पाहिलं तर दिवसाला पाऊण तास पुढे. मागे पडलं असतं तर समजलं असतं, वंगण सुकलंय म्हणून. पण पुढे? तेही एवढं?

एफ-एस चा, म्हणजे फास्ट-स्लोचा, काटा पार एस कडे ढकलला. दहा मिनिटांचा फरक पडला, बस.

२२ फेब्रुवारी

मागचं झाकण काढून भिंगाखाली बघितलं. तोलचक्राची केसाएवढी स्प्रिंग, गोल गोल वेटोळी. श्वास घेतल्यासारखी उमलते, मिटते. पण एका बाजूची दोन वेटोळी मिटताना एकमेकींना चिकटतात आणि क्षणभर सुटतच नाहीत. स्प्रिंग तेवढी आखूड झाली, म्हणून चक्राचा हेलकावा लवकर संपतो, म्हणून घड्याळ पुढे. तेलाचा डाग असेल म्हणून धुतली. तरी चिकटतात.

मग होकायंत्र जवळ नेलं. सुई प्रत्येक टिकेबरोबर थरथरायला लागली. स्प्रिंगमध्ये चुंबकत्व आलंय.

कुठून आलं हे शोधायला लांब जावं लागलं नाही. ९ जानेवारीला गोळी शोधून झाल्यावर स्पीकरचं लोहचुंबक मी फडताळावर ठेवलं होतं. घड्याळ आलं तेव्हा त्याला जागा दिली ती त्याच्याच शेजारी.

२३ फेब्रुवारी

कॅसेट प्लेअरचं हेड साफ करायच्या जुन्या संचात डीमॅग्नेटायझर सापडला. चालू करायचा, घड्याळाजवळ न्यायचा, आणि चालूच ठेवून हळू, अगदी हळू, हातभर लांब आणून मग बंद करायचा. मध्येच बंद केला तर होतं त्यापेक्षा वाईट. पहिल्या खेपेला नेमका भाच्याचा पाय वायरला लागला. दुसऱ्या खेपेला जमलं. वेटोळी सुटी.

२५ फेब्रुवारी

दिवसाला दोन मिनिटं मागे. या वयात एवढं चालायचंच.

९ मार्च

कार्डं पूर्ण. घड्याळाच्या ‘कशी छळायची’खाली काकूंनी सांगितलेलं लिहिलं : परीक्षेच्या आदल्या रात्री चावी दिली का, या विचारानं तीनदा उठायचं. ‘जास्त चावी दिली की स्प्रिंग तुटते’ हे मात्र कार्डावर खोडून काढलं. चांगली स्प्रिंग पूर्ण आवळली तरी काही होत नाही. घड्याळ बंद पडतं ते घाणीनं, आणि दोष येतो शेवटची चावी देणाऱ्यावर.

१४ मार्च

गर्दी. लिहायला ताकद नाही, फक्त विसरू नये म्हणून.

फोनपाशी नंबर कुणी लावेना. लोक उचलतात, कानाला लावतात आणि नुसते उभे राहतात, डायल टोन ऐकत. एक बाई निदान मिनिटभर. पाठीमागे रांग. मी म्हटलं, “फिरवा ना,” तर त्या म्हणाल्या, “थांबा हो जरा.”

बाटली धुवायला ठेवलेला ब्रश आणि सोड्याचं पाणी. त्या बैठकीतल्या हळव्यांपैकी एकानं धुवून पाहिली. एक.

१५ मार्च

गिअरबॉक्सपाशी आज दिवसभर बसले. एक गोष्ट ध्यानात आली, ती दुपारपर्यंत दाट होत गेली.

ज्यांनी कधी मॅन्युअल चालवलेली नाही ते दांडा पकडतात आणि वरच्या नकाशाकडे बघून सरळ एक वर ढकलतात. ज्यांनी चालवलीय ते, एकूणएक, काहीही करण्याआधी दांडा डावी-उजवीकडे दोनदा हलवतात. न्यूट्रल आहे ना. गाडी नाही, इंजिन नाही, पायाखाली क्लच नाही. लाकडी घोडीवर ठेवलेला लोखंडाचा ठोकळा आहे, आणि हात विचारतो, न्यूट्रल आहे ना. कुणाच्याच हे लक्षात येत नव्हतं. एका आजोबांना मी दाखवून दिलं. त्यांनी आपल्या हाताकडे असं बघितलं जसं ते दुसऱ्याचं मूल मध्येच बोललंय.

नंतर मी आणि भाचा पैज लावून बसलो : माणूस दारातून आला की चालवलेली की न चालवलेली ते कपड्यांवरून सांगायचं आणि मग हात बघायचा. भाचा जिंकला, एकवीस-सतरा.

एकदा पहिला गिअर बसेना. दाता दात्यासमोर आला होता, टोकाला टोक. उभ्या गाडीतही हे व्हायचंच. काका तिकडून ओरडले, “सोड आणि परत घाल!” हँडल किंचित फिरवलं. खट्.

२१ मार्च

आवराआवर. फोन गेले, टाइपरायटर ज्यांचा त्यांना. घड्याळ मी ठेवून घेतलं. लोहचुंबक दुसऱ्या खोलीत.

अ‍ॅक्रिलिक काढून जुनं झाकण लावायच्या आधी बॉक्स आडवा केला तर आत काहीतरी गडगडलं. काकांनी हात घातला आणि तळाच्या खोबणीतून, काळ्या चिखलात लपेटलेली, गोळी काढली. आठ मिलिमीटर. छताला गेलीच नव्हती, उडून परत आतच पडली होती, आणि मी घरभर चुंबक फिरवत होते. दोन दिवस दीडशे लोकांनी गिअर टाकले, ती दात्यांखाली आली असती तर? काकांनी ती सदऱ्याला पुसून माझ्या हातावर ठेवली आणि काही बोलले नाहीत, हे त्यांचे उपकार.

बॉक्स त्यांच्याकडे जाणार आहे. टेम्पो आला. दोन्ही बाजूंनी दोरी टाकली, मी म्हटलं उचलू या. काका म्हणाले थांब, आणि दांडा धरून डावी-उजवीकडे दोनदा हलवला. मग उचलला.